मूठभर कोंड्याचं पोर

आमच्या बनूचं पोर मुबारकबीनं मूठभर कोंड्याला विकत घेतलं, तेव्हा मी उंबऱ्याच्या आत उभी होते. त्यामुळे गावात कोणी काही सांगत असेल तर ते सोडा, माझं ऐका.

मी छबूबाई, ह्या घरची थोरली सून. माहेर राहुरीचं, सातवी पास, म्हणून बोलणं जरा पुस्तकातलं येतं. तोंड फटकळ आहे ते जन्माचंच, त्याचा शाळेला दोष नको. बनू माझी धाकटी जाऊ. माझा दीर मच्छिंद्र, त्याची बायको. आमच्या सासूची, म्हणजे राहीबाईची, ती सख्खी भाची. आत्याच्या घरी सून होऊन आली, म्हणजे सगळ्यांना वाटलं पोरगी सुखात पडली. असतं एकेकाचं वाटणं.

आता मुबारकबी. तिसगावची मणेरीण. डोक्यावर बांगड्यांचं गाठोडं घेऊन आजूबाजूची गावं फिरायची. नवरा शमशेरभाई बाजारात दुकान मांडून बसायचा, पण बायका त्याच्याकडे फिरकायच्या नाहीत. म्हणायच्या, बीच्या हातानं भरलेली बांगडी टिकते. टिकते कसली, काच ती काच. खरं कारण असं की तिच्या हातात हात दिला की दुखायचं नाही. ती तुमचा पंजा असा हातात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी हळूहळू चोळत राहायची आणि तोंडाचा पट्टा चालू. भावाचं लग्न ठरलं का, म्हैस व्याली का, सासू अजून तशीच का, आणि हे सासूच्या तोंडावर! तुम्हाला हसू फुटलं की त्याच क्षणी बांगडी सांध्यावरून पलीकडे. मधूनच एवढंच म्हणायची, "हात सैल सोड, राणी. तू आवळलास की मंग दुखतं."

चुडा भरून झाला की आम्ही तिच्या पाया पडायचो. राहीबाईसुद्धा पडायची, जी देवाशिवाय कोणापुढे वाकत नाही.

बनूची पहिली दोन लेकरं गेली. दोन्ही गोरीगोमटी जन्माला आली, वर्ष-सव्वा वर्षाची होईतो पिवळी पडली, ताप आला आणि गेली. डॉक्टर कोणी पाहिला नाही. अंगारे पाहिले, उतारे पाहिले, आणि बनू पांढऱ्या पायाची आहे एवढं गावानं ठरवून टाकलं. तिसऱ्या वेळी मुलगा झाला तेव्हा राहीबाईनं बाराव्या दिवशी मुबारकबीला बोलावणं धाडलं.

रीत तुम्हाला ठाऊक असेल. ज्या घरात पोरं जगत नाहीत, त्या घरची बाई पोर परक्याला विकते. सटवीनं पाचवीला कपाळावर काहीही लिहिलेलं असो, ती न्यायला आली की तिला दिसावं, हे ह्या घरचं नाहीच. राहीबाई म्हणाली, "मुबारकबीच्या दारात सटवी जात न्हाई." जशी काही सटवी हिला सांगून जाते.

मुबारकबी हसली. "अगं राहीबाई, आमच्यात बी पोरं मरत्यात की."

पण नाही म्हणाली नाही. बनूनं सुपात बाळ ठेवून सूप उंबऱ्याबाहेर सरकवलं. मुबारकबीनं बाळ उचललं आणि बनूच्या पदरात मूठभर गव्हाचा कोंडा टाकला. "सौदा झाला. पोर माजं. तू आता दाई. दूध पाज, सांभाळ. पाचवं वरीस सरलं की बगू." नाव ठेवलं कोंडिबा. आम्ही सगळ्या हसलो. बनू हसली नाही, तिनं पदराची गाठ मारली आणि आत गेली.

रीत एवढीच. पण आमच्या आत्याबाईंनी, सासूला आम्ही आत्याबाईच म्हणतो, रीतीला शेपूट जोडलं. विकलं ना? मग विकलेल्या पोराला कोणी बाळा म्हणायचं नाही, राजा म्हणायचं नाही. पापी घ्यायची नाही, पाळणा म्हणायचा नाही, त्याच्याशी बोलायचंच नाही. बोललं की सटवीला कळतं, ह्यांचा जीव गुंतलाय. बनूनं हे असं पाळलं की कोणी उपास पाळणार नाही. दूध पाजताना भिंतीकडे बघायची. झोळीत टाकायची, दोरी हलवायची, आणि गप्प. पोर रडलं तरी तोंडातून 'ओ' नाही. मी एकदा म्हटलं, "अगं कुत्र्याच्या पिल्लालाही यू-यू करतो आपण!" तर राहीबाई म्हणाली, "तुजी तिन्ही जगली हायेत, तुला काय कळायचं?" मला राग आला, पण ती काही खोटं बोलत नव्हती. दोन्ही नातवांना शेवटची आंघोळ तिच्याच हातांनी घातली होती.

कोंडिबा वर्षाचा झाला, दीड वर्षाचा झाला. बसायचा नाही नीट. हाक मारली तर बघायचा नाही, कारण हाक मारलीच कोणी होती? झोळीतून आढ्याकडे टक लावून पडलेला. डोळे पिवळसर. बायका हळूच म्हणायच्या, येडं निपजलं.

मग त्या थंडीत त्याचे हात सुजले. आदल्या दिवशी आत्याबाईंनी देवाचं म्हणून पहाटेच्या गार पाण्यानं न्हाऊ घातलं होतं. सकाळी बोटं टम्म, पावलं टम्म, हात लावू देईना. शेजारची मालनबाई सुई तापवून डाग द्यायला आली. चुलीत सुई लाल होतेय, बनू पोराला मांडीवर दाबून बसलीय, तेवढ्यात दारात आवाज, "बांगड्याऽऽ!"

मुबारकबी आत आली, गाठोडं टेकवलं आणि सुई पाहिली. मग पोराचा हात पाहिला. दाबला नाही, फक्त खालून तळहात लावून तोलला. सगळा जन्म हात बघण्यात गेलेला तिचा.

"ही सूज मुक्या माराची न्हाई आन् वाऱ्याची बी न्हाई," ती म्हणाली. "आतून दुखतंय हे. दवाखान्यात न्या."

"डाग दिला की उतरंल," मालनबाई म्हणाली.

"पोर कुनाचं हाय?"

मालनबाई चुलीतली सुई फिरवत राहिली.

"अगं इचारती मी, पोर कुनाचं हाय? राहीबाई, तुज्या उंबऱ्यात घेतलंय मी. कोंडा दिलाय. मालकीन मी. माज्या पोराला कुनी सुई लावली तर हात मोडीन."

आई गं! आत्याबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. स्वतःच केलेला सौदा, नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही तिघी नगरला निघालो, बनू, मुबारकबी आणि मी. करंजीच्या घाटात पोर कण्हत होतं आणि बनू खिडकीबाहेर बघत होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयानं पोक्त, शांत. म्हणाल्या, "आई कोण?" मुबारकबी म्हणाली, "आई ही. पन पोर माजं." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळी हकीकत सांगितली. त्या हसल्या नाहीत, त्यासाठी मी त्यांना मानते.

रक्त काढलं, काचेवर घेतलं, पुण्यालाही पाठवलं. पुन्हा बोलावलं तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. माणसाच्या रक्तातले कण गोल असतात, नसांमधून सरळ वाहत जातात. ह्याचे कण विळ्यासारखे वाकतात. वाकले की अडकतात. जिथे अडकतात तिथे सूज, तिथे दुखणं. आणि लवकर मोडतात, म्हणून पोर पिवळं पडतं, दमतं.

मुबारकबी म्हणाली, "समजलं. सबंद बांगडी घरंगळत जाती. वाढलेल्या बांगडीचा तुकडा मातूर अडकतो आन् टोचतो." मणेरीण बांगडी फुटली कधी म्हणत नाही, वाढली म्हणते.

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बरं व्हईल?"

"नाही. हे रक्त जन्मभराचं आहे. आईकडून थोडं, बापाकडून थोडं, दोघांकडून आलं म्हणून ह्याला झालं. आईचा एकटीचा दोष नाही." हे ऐकून बनूनं पहिल्यांदा मान वर केली. मग त्यांनी सांगितलं ते असं: पाणी भरपूर पाजायचं, घोट घोट, दिवसभर. गार पाण्याची आंघोळ बंद. अंग ऊबदार ठेवायचं. गोळी रोज द्यायची. ताप आला तर अंगारा शोधत बसायचं नाही, पोर उचलायचं आणि एसटी धरायची.

मग त्यांनी कोंडिबाच्या तोंडासमोर टाळी वाजवली. त्यानं बघितलं. हळू आवाजात त्याच्याशी बोलल्या. तो बघतच राहिला, त्यांच्या ओठांकडे.

"हा बोलत का नाही?"

मीच सांगितलं, "कारण ह्याच्याशी कोणी बोलत नाही."

त्या बनूकडे वळल्या. "बाई, ह्याचं रक्त आजारी आहे, डोकं नाही. पण डोकं असंच वाढत नाही. दूध पाजता तसं बोलणं पाजावं लागतं. ह्या दोन-तीन वर्षांत जे मिळेल त्यावरच हा उभा राहणार. दुखत नसेल तेव्हा जमिनीवर सोडा, खेळू द्या, हातात वस्तू द्या. दमला की उचला. आणि बोला. आईनं बोलायला हवं."

बनू म्हणाली, "मी बोलले आन् तिनं ऐकलं तर?"

'तिनं' म्हणजे कोण, ते डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. आम्हाला कळलं. बोलावं तर सटवी नेईल, न बोलावं तर पोर मुकं राहील. ह्या दोहोंच्या मध्ये माझी जाऊ उभी होती, आणि तिला कोणी ढकलून उपयोग नव्हता.

घरी आल्यावर मी आत्याबाईंना सांगितलं, "तुमच्या माहेरच्या रक्तातून आलंय आणि तुमच्या पोटच्यातूनही आलंय, दोन्हीकडून." त्यानंतर पांढऱ्या पायाची भाषा आमच्या घरात निघाली नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

ते वर्ष दुष्काळाचं. विहिरी आटल्या, पाणी टँकरनं यायचं. मच्छिंद्र आणि आमचे हे, गहिनीनाथ, दोघे पाझर तलावाच्या कामावर. घरात मिलोच्या, म्हणजे रेशनच्या लाल परदेशी ज्वारीच्या भाकरी, घशाखाली न उतरणाऱ्या. अशात बांगड्या कोण भरतंय? तरी मुबारकबीची फेरी चुकली नाही. यायची, गाठोडं टेकवायची आणि आधी विचारायची, "माजं पोर पानी प्यालं का?" एका पोरासाठी एक तांब्या वेगळा, झाकून, चुलीशेजारी कोमट. त्या वर्षी पाण्यावरून सख्ख्या जावा भांडल्या, पण त्या तांब्याला आमच्या घरात कोणी हात लावला नाही.

मग ती कोंडिबाला झोळीतून काढायची, गोधडीवर बसवायची, पाठीला गाठोड्याचा टेकू, आणि तोंडाचा पट्टा सुरू. अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. "काय कोंडिबा शेठ, काय भाव चाललाय? हिरवी पायजे का लाल? लगीन हाय का घरात?" लाखेच्या जुन्या बांगड्या ठेवल्या होत्या तिनं, न टोचणाऱ्या. एक त्याच्या पुढ्यात फिरवून सोडायची, ती घरंगळत जायची. पहिले कितीतरी दिवस तो नुसता बघायचा. मग एकदा हात पुढे केला. मग बांगडीमागे पालथा पडला. मग रांगला. दुखत असलं की ती खेळ बंद करायची, त्याची बोटं तळहातावर घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी हळूहळू चोळायची. "हात सैल सोड, राजा. आवळलं की दुखतं."

राजा म्हणायची! उघड! आत्याबाई कानावर हात ठेवायच्या. "तुजं हाय, तू म्हन," असं पुटपुटायच्या.

बनू चुलीपुढून बघायची. कधी तिचे ओठ हलायचे, आवाज नाही. मुबारकबीनं एकदा तिला म्हटलं, "ये की, बस हितं." बनू म्हणाली, "तू हायेस न्हवं." आणि भाकरी थापायला लागली, त्या दिवशी गरजेपेक्षा जास्त थापल्या.

पुढच्या पौषात मुबारकबीची लेक जहिरा भिंगारला बाळंत झाली, म्हणून ती तिकडे गेली. आणि नेमकी तेव्हाच कोंडिबाला कळ उठली. सकाळची वेळ, पुरुष कामावर. ह्या खेपेला पाय. असा ओरडायचा की वासरू ओरडावं. कोमट पाणी पाजलं, गरम फडकी लावली, डॉक्टरीणबाईंची दुखण्याची गोळी दिली, अंगाला हात लावून बघितला तर ताप नव्हता. मी घेतलं तर मला ढकलून दिलं. आत्याबाईंना ढकललं. बनूकडे त्यानं बघितलंही नाही. दाराकडे बघायला लागला. दाराकडे हात केला आणि म्हणाला, "बी."

त्याच्या तोंडातून निघालेला पहिला शब्द!

"बी... बी..." दाराकडे बघत, रडत. बी कुठून येणार? ती भिंगारला.

मी बनूकडे बघितलं. तिचा चेहरा असा झाला होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं. पोटच्या पोराला जीव कासावीस झाल्यावर हाक मारायला एकच माणूस ठाऊक होतं, आणि ते ती नव्हती. ती उठली. आत्याबाई म्हणाल्या, "बनू, तोंड सांभाळ. एवढी वरसं काढलीस."

बनूनं पोराला उचललं. त्यानं ढकललं, तिनं सोडलं नाही. त्याचा मुठीत आवळलेला हात तिनं तळहातावर घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी चोळायला लागली, बी चोळायची तशी.

"हात सैल सोड," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "हात सैल सोड, माज्या राजा. बी न्हाई, मी हाय. आई हाय तुजी. आई हाय मी."

आणि मग बाई, जो बांध फुटला! अडीच वर्षांचं साठलेलं. तो पोटात होता तेव्हा काय खावंसं वाटलं ते सांगितलं, गेलेल्या दोघांची नावं सांगितली, म्हशीचं सांगितलं, त्याचे कान आजोबांसारखे आहेत ते सांगितलं. पापी घेतली, एकदा, दोनदा, मग मोजायची कशाला. पोर रडत होतं आणि तिच्या ओठांकडे बघत होतं. दुपार कलली तेव्हा कळ ओसरली. तो झोपला तरी ही बोलतच होती. आत्याबाई परसात जाऊन भिंतीला टेकून रडल्या. मी गेले तर म्हणाल्या, "आता ती ऐकून गेली असंल गं."

"ऐकू दे," मी म्हटलं. "आमीपन हितंच हाओत." माझंही बोलणं अशा वेळी गावाचंच होतं.

मुबारकबी परत आली ती बांगड्यांऐवजी जहिराच्या बाळंतपणाचा खजूर घेऊन. उंबऱ्यात पाय ठेवला तर बनू समोर उभी, हातात वाटी. वाटीत कोंडा. त्या वर्षी गव्हाचा कोंडा कुठला, मिलोच्या पिठाचा चाळून काढलेला, तांबडा. चाळणी कोणी दिली म्हणता? आत्याबाईंनी. स्वतः फळीवरून काढून दिली.

"बी, माजं पोर मला परत दे."

मुबारकबीनं खजूर खाली ठेवला. "पाचवं सरलं न्हाई अजून."

"नसू दे. पाचवं सरेपातूर जगला आन् मला वळखलं न्हाई, तर मी काय करू? जेवढे दिस हायेत तेवढे माजे म्हनून ऱ्हाऊ देत."

मुबारकबीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण धंदेवाली बाई, सौदा तो सौदा. पदर पसरला. बनूनं वाटी रिकामी केली. मुबारकबीनं कोंडा हातानं चाचपला, मग त्यातून चिमूटभर उचलून बनूच्या वाटीत परत टाकला.

"जास्त झाला. एवढ्याचं पोर माजंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

ह्या गोष्टीला आता दीडेक वर्ष झालं. पाऊस पडला, मिलो गेली. कोंडिबा उशिरा का होईना चालायला लागला, अंगानं बारीकच आहे, लवकर दमतो, दमला की बसतो. बोलतो मात्र इतका की आमची म्हातारी सासू म्हणते, गप की रे जरा, आणि मग स्वतःच जीभ चावते. नगरच्या दवाखान्यात दोनदा ठेवावं लागलं. पुढचं मी सांगू शकत नाही, डॉक्टरीणबाईंनीही सांगितलेलं नाही.

कळ अजून येते. परवाच आली. बनू त्याला मांडीवर घेऊन बसली होती, बोलत होती, पण भीती काही जात नाही तिची. त्याचा हात तिनं असा गच्च धरला होता की तिची स्वतःची बोटं पांढरी पडली होती. पोर घामानं भिजलेलं, ओठ कोरडे. त्यानं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं आणि दुसऱ्या हातानं तिच्या अंगठ्याच्या मुळाशी चोळायला लागला.

"आई," तो म्हणाला, "हात सैल सोड."